खेकड्याच्या पाठीवरचे बिऱ्हाडकरू

विंचवाचं बिऱ्हाड त्याच्या पाठीवर असतं, असं आपण म्हणतो. आज ज्या प्राण्याबद्दल लिहितोय, त्याचं बिऱ्हाड दुसऱ्याच्या पाठीवर आहे. गोड्या पाण्यातले खेकडे, झिंगे आणि क्रेफिश यांच्या अंगावर राहणारे काही चपटे कृमी आहेत. लांबी बहुधा काही मिलिमीटर. मागच्या टोकाला चिकटून बसण्यासाठी चूषक, आणि पुढे डोक्याच्या जागी बोटांसारखे संस्पर्शक, बऱ्याच जातींत पाच. डोकं छाटून तिथे हाताचा पंजा लावावा, तसं दिसतं. म्हणूनच शास्त्रज्ञांनी नाव दिलं टेम्नोसेफाला, म्हणजे कापलेल्या डोक्याचा.

या जीवाची ओळख पटवायलाच माणसाला कित्येक दशकं लागली. क्लॉद गे हा फ्रेंच निसर्गअभ्यासक चिलीत बरीच वर्षं राहिला. तिथल्या ओढ्यांत एग्ला नावाचा, खेकड्यासारखा दिसणारा प्राणी असतो. त्याच्या अंगावर हे कृमी सापडले. 1846 साली मोकँ-तांदाँ यांनी त्यांची नोंद केली ती जळू म्हणून! चूक समजण्यासारखी आहे. चूषक आहे, अंगाची कमान करत जळूसारखाच चालतो, आणि दुसऱ्याच्या अंगावर राहतो. मग दुसरं काय असणार? 1849 मध्ये एमिल ब्लांशार यांनी त्याला वेगळी प्रजात दिली, आणि टेम्नोसेफाला हे नाव तेव्हाचं.

पुढे कार्ल झेम्पर या जर्मन संशोधकाला हेच जीव फिलिपाइन्समधल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांवर दिसले. 1872 मध्ये त्यांनी सांगितलं की ही जळू नव्हेच, हा चपटा कृमी आहे. पण जळूच्या यादीतून काढलं आणि ठेवलं कुठे, तर फ्लूकच्या रांगेत, म्हणजे मेंढ्यांच्या यकृतात राहणाऱ्या कृमींच्या शेजारी. एक शिक्का पुसला, दुसरा बसला.

आता एक नाव. ज्यांनी जुन्या काळी बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलं असेल, त्यांना 'पार्कर आणि हॅसवेल' हे दोन जाडजूड खंड आठवतील. 1897 साली आलेलं हे पाठ्यपुस्तक आपल्याकडच्या कॉलेजांत पिढ्यान्‌पिढ्या चाललं. त्यातले विल्यम हॅसवेल मूळचे एडिंबराचे, पुढे सिडनीत प्राध्यापक झाले. पुस्तकामुळे नाव झालं, पण त्यांचा जीव या क्रेफिशवरच्या कृमींत अडकला होता. 1888 च्या निबंधात त्यांनी न्यू साउथ वेल्स, टास्मानिया आणि न्यूझीलंडमधल्या जाती वर्णन केल्या. 1893 मध्ये संपूर्ण ग्रंथच लिहिला. त्यात बारा संस्पर्शकांची एक जातही आहे. वेगवेगळ्या यजमानांवर वेगवेगळे कृमी राहतात हे त्यांच्या कामातून दिसू लागलं.

आणि मुख्य मुद्दा असा की टेम्नोसेफाला आणि त्याचे जवळचे नातलग यजमानाचं रक्त पीत नाहीत. पाण्यातले बारीक जीव, कीटकांच्या अळ्या पकडून खातात. क्रेफिश त्यांच्यासाठी जेवणाचं ताट नाही, चालतंफिरतं घर आहे. अंडी मात्र ते यजमानाच्या कवचालाच चिकटवतात आणि त्यातून थेट छोटा कृमीच बाहेर पडतो. यजमानाने कवच टाकलं की त्यावरची न फुटलेली अंडीही गेली. भाड्याच्या घराचा हा धोका आहेच! आज त्यांना फ्लूकच्या नव्हे, तर मुक्त राहणाऱ्या चपट्या कृमींच्या कुळात ठेवतात.

भारताचा संबंधही आहे. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधले नेल्सन अॅनंडेल, जे 1916 मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक झाले, त्यांनी 1912 साली कॅरिडिना या लहान झिंग्यावरच्या कृमीची नोंद केली. नाव ठेवलं कॅरिडिनिकोला इंडिका. हा दुसऱ्या कुळातला. या कुळातल्या कृमींना दोनच संस्पर्शक असतात, आणि बाल्कनपासून जपानपर्यंत झिंग्यांवर ते राहतात. घरच्या काचेच्या टाकीत झिंगे पाळणाऱ्यांना झिंग्याच्या तोंडापाशी पांढरे धागे हलताना दिसतात, ते यांचेच भाऊबंद. पाळणारे घाबरून झिंग्याला मिठाच्या पाण्यात बुडवतात.

मोठ्या कुळाचा नकाशा मात्र निराळीच गोष्ट सांगतो. दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, मादागास्कर. समुद्र ओलांडायची ताकद नसलेला हा जीव इतक्या दूरच्या भूमींवर पोहोचला कसा? या सगळ्या भूमी एकेकाळी गोंडवना या एकाच महाखंडाचे तुकडे होत्या. जमीन फुटली, यजमान वाहून गेले, आणि त्यांच्या अंगावरचे बिऱ्हाडकरूही.

2016 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युआस्टॅकस या काटेरी डोंगरी क्रेफिशवर आणि त्यांच्या कृमींवर एक अभ्यास आला. त्यानुसार दोघांच्या जातींचा विस्तार क्रिटेशस काळापासून, म्हणजे डायनोसॉर असतानापासून, साधारण सोबतच होत गेला. त्या कृमींच्या दोन प्रजातींपैकी एकीला टेम्नोहॅसवेलिया म्हणतात, आपल्या पाठ्यपुस्तकवाल्या हॅसवेलांच्या नावावरून. हवामान तापत, कोरडं होत गेलं, तसे उत्तरेकडचे क्रेफिश थंड ओढ्यांच्या शोधात वर सरकत डोंगरमाथ्यांवर अडकले. आता आणखी वर जायला जागा नाही. या क्रेफिशपैकी 75 टक्के जाती धोक्यात आहेत. त्या सगळ्या नष्ट झाल्या, तर अभ्यासलेल्या कृमींपैकी सुमारे 60 टक्के त्यांच्यासोबत संपतील, असा अंदाज त्या अभ्यासाने मांडला. क्रेफिश निदान धोक्याच्या यादीत तरी येतात, त्यांचे फोटो छापले जातात. त्यांच्या अंगावरच्या या जिवांसाठी पत्रक कोण काढणार?

उलट, ऑस्ट्रेलियातलाच रेडक्लॉ नावाचा क्रेफिश शेतीसाठी जगभर नेला गेला. तो दक्षिण आफ्रिकेच्या नद्यांत निसटला, आणि त्याच्या अंगावर बसून डायसेरॅटोसेफाला नावाचा कृमीही तिथे पोहोचला. त्याला नेण्याचा विचार कुणीच केला नव्हता.