आराखडा तिकडे, बांधकाम इकडे

वास्तुरचनाकाराने एका शहरात बसून आराखडा करावा आणि इमारत हजारो मैलांवरच्या दुसऱ्या शहरात उभी राहावी, ही रीत संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. मुंबई विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह, ग्रंथालय आणि त्यावरचा राजाबाई मनोरा यांचे आराखडे लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी केले आणि ते मुंबईला एकदाही आले नाहीत. मनोऱ्याची पायाभरणी १८६९ मध्ये झाली आणि काम नोव्हेंबर १८७८ मध्ये पुरे झाले, तोवर स्कॉट यांचे निधन होऊन काही महिने लोटले होते. रेखाटने टपालाने जहाजातून येत असल्यामुळे प्रत्येक शंकेचे उत्तर लंडनहून येईपर्यंत काम थांबवणे शक्य नव्हते आणि पुष्कळसे निर्णय मुंबईच्या अभियंत्यांना व पाथरवटांनाच घ्यावे लागत. मनोऱ्यावर पश्चिम भारतातील निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे जे पुतळे आहेत, त्यांचे नमुने मुंबईतच घडले, कारण ती माणसे मुंबईतच पाहता येत होती. आराखडा किती लवकर पोहोचतो यापेक्षा, पोहोचलेल्या आराखड्यात फेरबदल करण्याचा अधिकार कोणाकडे राहतो, हा या इतिहासातला अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाला वळण दिले ते नकाशाच्या प्रती काढण्याच्या तंत्राने. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये निळ्या छपाईची रीत शोधली. लोहक्षारांचा लेप दिलेल्या कागदावर पारदर्शक कागदावरचे मूळ रेखाटन ठेवून ते उन्हात धरले की प्रकाश लागलेला भाग निळा पडतो आणि रेषांखाली झाकलेला लेप पाण्याने धुऊन गेल्यावर तिथे पांढऱ्या रेषा उमटतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही ‘ब्लूप्रिंट’ बांधकाम व्यवसायात रूढ झाली आणि पुढे तिची जागा अमोनियाच्या वाफेवर उमटणाऱ्या, पांढऱ्या कागदावरच्या गडद रेषांच्या ‘अमोनिया प्रिंट’ने घेतली. मूळ रेखाटन कार्यालयात आणि प्रत साइटवर, अशी कायमची फाळणी यामुळे झाली. बदल मूळ रेखाटनावरच होऊ लागला आणि नकाशाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत सुधारणेचे अक्षर, तारीख व सही यांचा रकाना आला. या रकान्याची शिस्त ढिली पडली तर काय होते, हे साइटवरच्या प्रत्येकाला ठाऊक असते: सुधारित नकाशा येऊनही जुनी प्रत परत घेतली नाही, तर गवंडी जुन्या मापानेच भिंत उचलतो आणि चूक स्लॅब ओतल्यावर ध्यानात येते.

कागदाच्या युगातले दूरस्थ सहकार्याचे सर्वांत समृद्ध उदाहरण अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे म्हणावे लागेल. १९६२ मध्ये हे काम हाती घेतलेले वास्तुरचनाकार लुई कान फिलाडेल्फियात होते, त्यांचे सहकारी वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशी अहमदाबादेत, आणि मुंबईच्या सर जे. जे. संस्थेत शिकलेले अनंत राजे कान यांच्या फिलाडेल्फियातील कार्यालयात काही वर्षे काम करून पुढे अहमदाबादेस परतले. तिथल्या विटांच्या रुंद, चपट्या कमानींचा बाहेर रेटणारा जोर खालच्या काँक्रीटच्या तुळईने बांधून धरला आहे. अशा जोडकामात विटेचे थर तुळईला नेमके कुठे भिडावेत, हे रेखाटनाइतकेच समोरच्या कारागिराच्या हातावर अवलंबून असते. मार्च १९७४ मध्ये अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या रेल्वेस्थानकावर कान यांचे निधन झाले, आणि त्यानंतर परिसरातील पुढच्या इमारती राजे यांनी साकारल्या. दोन्ही टेबलांवर काम केलेला माणूस जागेवर असणे ही या प्रकल्पाची खरी संपर्कव्यवस्था होती, आणि कोणत्याही यंत्रापेक्षा ती भरवशाची ठरली.

संगणकाने प्रथम केवळ ड्राफ्ट्समनच्या फळ्याची जागा घेतली. संगणकाच्या पडद्यावर रेखाटन करू देणारा आयव्हन सदरलँड यांचा ‘स्केचपॅड’ १९६३ चा, तर वैयक्तिक संगणकावर चालणारे ‘ऑटोकॅड’ १९८२ च्या अखेरचे. फाइल ईमेलने जाऊ लागली तरी ती कागदाच्या प्रतीसारखीच सुटी राहिली. खरा बदल २००० मध्ये आलेल्या ‘रेव्हिट’सारख्या प्रणालींनी घडवला. त्यांत इमारतीची एकच त्रिमितीय प्रतिकृती मध्यवर्ती ठिकाणी असते, प्रत्येक जण स्वतःच्या प्रतीवर काम करून आपले बदल तीत मिळवतो, आणि भिंत सरकवली की तिचा छेद, दर्शनी बाजू व मोजमापाचा तक्ता आपोआप बदलतो. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागली, तेव्हा जड प्रतिकृती घरच्या संगणकावर उघडेनात, म्हणून अनेक कार्यालयांनी कचेरीतलाच शक्तिशाली संगणक दुरून चालवण्याची किंवा प्रतिकृती क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटद्वारे वापरायच्या सामायिक साठ्यावर, ठेवण्याची सोय केली. साइटवरून मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर छायाचित्र येई, फोनवर तोंडी होकार जाई आणि त्याची नोंद अनेकदा कुठेच राहत नसे. ब्लूप्रिंटच्या कोपऱ्यातल्या रकान्याने मिळवलेली शिस्त इथे मागे सरकली, असे म्हणणे भाग आहे.

डिसेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयएसओ १९६५० या आंतरराष्ट्रीय मानकाने याच उणिवेची दखल आधीच घेतली होती. त्यानुसार सामायिक साठ्यातील प्रत्येक माहिती चालू कामाची, इतरांना दाखवलेली, अधिकृत झालेली किंवा संग्रहात गेलेली, अशा चार अवस्थांपैकी एकीत असते, आणि पुढच्या अवस्थेत जाण्याआधी ती तपासली व मंजूर केली जाते. ही मंजुरी देणाऱ्यांत साइटवरच्या अभियंत्याला स्थान द्यायचे की त्याला केवळ पाहण्याची मुभा ठेवायची, हे प्रत्येक प्रकल्पाच्या करारात ठरते.