टॅरोमधलं 'डेथ' कार्ड आणि करवीरचे वीरगळ : चित्राचा अर्थ नेमका शोधायचा कुठे?



मागच्या वेळी आपण सिनॉप्सिसमध्ये संशोधन प्रश्न कसा मांडायचा ते बघितलं. आज एका पत्त्याबद्दल बोलू. विषय गमतीचा वाटेल, पण पुढे तुमच्या कामाला येईल.

आमच्या एका मैत्रिणीची पीएच.डी. प्रवेशाची मुलाखत होती. आदल्या रात्री तिने सहज मोबाईलवर टॅरो कार्ड काढलं आणि नेमकं 'डेथ' आलं. घरी वडील आजारी होते. ती हसत होती, पण जेवली नाही. मला म्हणाली, "तू इतिहासवाला ना? मग याचा खरा अर्थ सांग."

इंटरनेटवर तिला दोन उत्तरं सापडली होती. एक, काहीतरी वाईट होणार. दुसरं, घाबरू नका, या पत्त्याचा अर्थ मृत्यू नसून परिवर्तन आहे, जुनं संपून नवं सुरू होणार. दुसरं उत्तर धीर देणारं आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोन्ही उत्तरांना एकच प्रश्न विचारायचा असतो : हा अर्थ कोणी लावला आणि कधी?

टॅरोचे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत तयार झाले, आणि ते खेळायला केले होते. चार रंगांचे ५६ पत्ते आणि त्यांच्याशिवाय २२ चित्रांचे पत्ते, असे एकूण ७८. या २२ पैकी 'मूर्ख' सोडला तर बाकीचे २१ म्हणजे कायमचे हुकूम. जो हुकूम वरचा, त्याचा हात. मिलानच्या राजघराण्यासाठी १४५० च्या सुमारास रंगवलेला व्हिस्कोंती-स्फोर्झा संच आज बराचसा शिल्लक आहे. त्यातला मृत्यू म्हणजे धनुष्य घेतलेला उभा सांगाडा.

आता हा पत्ता खेळणाऱ्याच्या हातात कल्पून बघा. हुकुमांचा क्रम शहरागणिक थोडा बदलायचा, पण मृत्यूची जागा बहुतेक ठिकाणी तेरावीच असे. पुढे फ्रान्समध्ये रूढ झालेल्या मार्सेय पद्धतीच्या क्रमात सम्राट चौथा, पोप पाचवा, मृत्यू तेरावा. म्हणजे मृत्यू सम्राटाला आणि पोपलाही मारतो. याच पद्धतीच्या चित्रात सांगाड्याच्या विळ्याखाली कापलेली मुंडकी पडलेली दिसतात. त्यातल्या एकावर मुकुट आहे. पण खेळ तिथे संपत नाही. मृत्यूच्या वर अजून आठ हुकूम आहेत. तारा, चंद्र, सूर्य, अंतिम निवाडा आणि सगळ्यात वर जग. हे सगळे मृत्यूला मारतात. खेळणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नसे, हात मोजता मोजता कळायचं.

हा क्रम कुठून आला? गर्ट्रूड मोकली यांनी १९६६ मध्ये त्याचा संबंध पेट्रार्कच्या 'त्रिओन्फी' या काव्याशी जोडला. त्या काव्यातही मृत्यू जिंकतो, पण पुढे कीर्ती मृत्यूला हरवते, काळ कीर्तीला आणि शाश्वतता काळाला. हा एका अभ्यासकाचा तर्क आहे हे लक्षात ठेवा. तर्क आणि पुरावा वेगवेगळ्या वाक्यांत लिहायची सवय आत्तापासूनच लावून घ्या.

मग भविष्य कधी आलं? १७८१ मध्ये कूर द जेबेलँ या फ्रेंच लेखकाने जाहीर केलं की हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तचं लपवलेलं ज्ञान आहे. त्याच्या पॅरिसमध्ये हा खेळ तेव्हा फारसा कोणाला माहीत नव्हता. नियम माहीत नसले की चित्रं गूढ वाटायला लागतात. आणि गंमत बघा, इजिप्तची चित्रलिपी शांपोल्यॉंने उलगडली १८२२ मध्ये, म्हणजे या दाव्यानंतर ४१ वर्षांनी! मूळ लिपी वाचता येत नसताना केलेला दावा किती टिकणार? आज सगळीकडे दिसणारं चित्र, काळं चिलखत घालून पांढऱ्या घोड्यावर बसलेला सांगाडा आणि मागे दोन बुरुजांमध्ये सूर्य, हे १९०९ चं. आर्थर वेट यांच्या कल्पनेवरून ते पामेला कोलमन स्मिथ यांनी लंडनमध्ये काढलं. खेळाचा हा इतिहास मायकेल डमेट या तत्त्वज्ञाने १९८० मध्ये 'द गेम ऑफ टॅरो' या ग्रंथात सविस्तर मांडला.

आता इटलीतून थेट आपल्या करवीर तालुक्यात या. बीडसारख्या गावात तुम्ही वीरगळ बघितले असतील. नसतील तर एखादा रविवार काढून जाच. माझ्या पहिल्या टिपणात मी एका वीरगळाबद्दल लिहिलं होतं, 'हे मृत्यूचे प्रतीक आहे.' गाइडनी पेन्सिलने खाली रेघ मारली आणि एवढंच विचारलं, "कुठला चौकोन बघून लिहिलंस?"

कारण वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सगळ्यात खाली लढाई आणि पडलेला वीर, कधी शेजारी गाई, म्हणजे गोधन राखताना आलेलं मरण. त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन निघालेल्या. त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे. माथ्याशी चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत याची कीर्ती राहो. मी फक्त खालचा चौकोन बघितला होता. शिल्प घडवणाऱ्याच्या लेखी मरण ही पहिली पायरी होती.

इटलीचा पत्ता आणि करवीरचा दगड यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, असं मी म्हणत नाही. तसं लिहिलंत तर व्हायवात अडकाल. साम्य फक्त वाचण्याच्या पद्धतीत आहे. दोन्हीकडे चित्राचा अर्थ त्याच्या जागेवरून ठरतो, त्याच्या खाली काय आणि वर काय यावरून. आणि वापर बदलला की अर्थही बदलतो. कित्येक गावांत त्याच वीरगळाला शेंदूर लागतो, नारळ फुटतो आणि तो देव होतो. काही ठिकाणी तो बांधावर नुसता दगड म्हणून पडून असतो. पूजा करणाऱ्या आजींना 'तुमचं चुकतंय' म्हणायला आपण जात नाही. त्यांनी दिलेला अर्थ आजचा म्हणून नोंदवायचा आणि घडवणाऱ्याचा अर्थ वेगळ्या रकान्यात लिहायचा. टॅरोतल्या 'परिवर्तना'चंही तेच. तो अर्थ खोटा नाही, फक्त बराच नंतरचा आहे.

तेव्हा कुठल्याही प्रतीकावर लिहिताना वहीत चार रकाने आखा : चित्रात प्रत्यक्ष काय दिसतं, ते कशासाठी वापरत होते, त्याच्या आगेमागे काय आहे, आणि हा अर्थ पहिल्यांदा कोणी व कधी लिहिला. चौथा रकाना रिकामा राहिला तर 'प्राचीन काळापासून' हे शब्द वापरू नका.

त्या रात्री मैत्रिणीला मी एवढं सगळं सांगितलं नाही. तिला इतकंच म्हणालो, "हा तेरावा पत्ता आहे, याच्या वर अजून आठ आहेत." तिने ते आठही एकेक करून विचारून घेतले. मग तिने घरी फोन लावला, वडिलांशी बोलली आणि डबा उघडला.