शुक्राची उष्णता: जमिनीची की वरच्या थरांची?

शुक्र आकाराने जवळजवळ पृथ्वीएवढा. व्यास १२,१०४ किलोमीटर. त्यामुळे त्याच्या ढगांखाली पृथ्वीसारखेच काही असावे, ही कल्पना फार काळ टिकली. स्वान्ते अऱ्हेनियससारख्या नोबेल मानकऱ्यानेही तेथे दलदली कल्पिल्या होत्या. ढग म्हणजे पाणी, असे बरेच जण धरून चालत. (ते निघाले सल्फ्युरिक आम्लाचे!)

१९५६ साली वॉशिंग्टनच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत कॉर्नेल मायर व सहकाऱ्यांनी शुक्राकडून येणाऱ्या, सुमारे ३ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरी मोजल्या. त्यांवरून तापमान निघाले ३०० अंश सेल्सिअसच्या वर. पण ही उष्णता जमिनीचीच कशावरून? वातावरणाच्या वरच्या थरातील इलेक्ट्रॉनही अशा लहरी देऊ शकतात; मग खाली गारवा असायला हरकत नव्हती. आम्हांला हा आक्षेप मोलाचा वाटतो, कारण त्याची परीक्षा घेता येत होती. लहरी वरच्या थरातून येत असतील, तर बिंबाच्या कडेला आपली नजर त्या थरातून तिरकी, म्हणजे जास्त अंतर जाते; कडा उजळ दिसेल. लहरी जमिनीतून येत असतील, तर कडेला त्यांना जास्त वातावरण ओलांडावे लागते. कडा मंद दिसेल.

पृथ्वीवरून हे मोजणे कठीण होते. १४ डिसेंबर १९६२ रोजी मरिनर-२ हे यान शुक्रापासून सुमारे ३५,००० किलोमीटरवरून गेले. कडा मंद निघाली.

१९७० मध्ये सोव्हिएत व्हेनेरा-७ प्रत्यक्ष उतरले, तेव्हा तापमान भरले ४७५ अंशांच्या आसपास. वातावरणात ९६ टक्के कार्बन डायऑक्साइड, आणि जमिनीवरचा दाब आपल्या नव्वद पट.