देहरादूनचं शिबिर आणि कापसाच्या गाड्या

मित्रहो, उन्हाचा पारा सत्तेचाळीसकडे निघालेला असताना तुम्ही बोरगाव मेघेत भाषण ऐकायला आलात, याबद्दल आधी तुमचे आभार. पंखा चालू आहे तोवर बोलतो.

विषय मला एका विद्यार्थिनीमुळे सुचला. ती समाजशास्त्रात संशोधन करते. मागच्या महिन्यात घरी आली आणि म्हणाली, "सर, समाजवाद कोसळल्यानंतरच्या समाजांचा अभ्यास करणाऱ्या तरुणांसाठी युरोपात दर उन्हाळ्यात शाळा भरतात. डुब्रोव्हनिकला, बुडापेस्टला. आपल्याकडे असं काही कधी झालं का?" मी म्हटलं, झालं, आणि समाजवाद कोसळण्याच्या पंचेचाळीस वर्षं आधी झालं. तिला वाटलं म्हातारा थट्टा करतोय.

मे १९४६, देहरादून. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षाचं अभ्यास-शिबिर. हा माणूस कोण, ते लक्षात घ्या. १९२० साली लेनिनसमोर वसाहतींच्या प्रश्नावर वेगळा मसुदा मांडणारा. १९२९ मध्ये कॉमिंटर्नमधून काढून टाकलेला. १९३१ मध्ये मुंबईत पकडला गेलेला आणि पाच वर्षांहून जास्त तुरुंगात राहिलेला. सुटल्यावर त्यानं उन्हाळी शिबिरं सुरू केली. १९४० च्या शिबिरातली व्याख्यानं पुढे 'सायंटिफिक पॉलिटिक्स' या नावानं छापली गेली, ती तोवर मार्क्सवाद्याचीच व्याख्यानं होती. मात्र १९४६ ला चित्र वेगळं होतं. महायुद्ध संपलेलं, रशिया जिंकलेला, जगभर लाल झेंड्याचा दबदबा. इकडे रॉय यांच्या पक्षानं निवडणुकीत सपाटून मार खाल्लेला. अशा वेळी नेता कार्यकर्त्यांना काय सांगतो? हिंमत धरा, पुढच्या वेळी जिंकू. रॉय यांनी सांगितलं ते असं, की आपण ज्या सिद्धांतावर उभे आहोत तोच तपासायला हवा. रशियात क्रांती झाली, सत्ता पक्षाकडे गेली. पण माणूस किती मोकळा झाला? कोणत्याही समाजाची पारख त्यातल्या व्यक्तीच्या स्वातंत्र्यावरून करायची की नाही?

हा प्रश्न आज कोणीही विचारतो. १९४६ मध्ये, डाव्या माणसांच्या शिबिरात, तो विचारणं म्हणजे आपल्याच घराचं वासं मोजायला बसणं होतं.

आणि समोर बसलेले लोक माना डोलावणारे नव्हते. रॉय यांच्या या वर्तुळात आपली मराठी माणसं किती होती बघा. सासवडचे वि. म. तारकुंडे, जे पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. कामगार चळवळीतले व. भ. कर्णिक. वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. व्याख्यानांनंतर रॉय यांनी नव्या विचाराची सूत्रं लिहिली, ती निवडक सहकाऱ्यांकडे टीकेसाठी पाठवली, त्यांत तारकुंडे आणि तर्कतीर्थ दोघेही होते. मग डिसेंबर १९४६ मध्ये मुंबईच्या अधिवेशनात बावीस सूत्रं मांडली गेली. दोन वर्षांनी, डिसेंबर १९४८ मध्ये कलकत्त्याला, पक्षच विसर्जित केला. शिबिरातल्या विचारानं शिबिर भरवणारा पक्ष खाल्ला, असं म्हणायला हरकत नाही. मला विचाराल तर पक्ष मोडणं ही चूक होती. विचार बरोबर असला तरी तो गावापर्यंत न्यायला काहीतरी गाडी लागते, आणि ती गाडीच त्यांनी विकून टाकली. पण त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही.

जाता जाता एक गंमत. तर्कतीर्थ वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे शिकले. त्याच मराठेशास्त्र्यांकडे १९१७ च्या सुमारास आणखी एक तरुण वेदान्त शिकायला आला होता, विनोबा भावे. तो १९२१ ला वर्ध्याला आला, पुढे पवनारला राहिला. इथून पवनार काही लांब नाही. एकाच गुरूचे दोन विद्यार्थी, एक धाम नदीच्या काठी आणि एक रॉय यांच्या शिबिरात! राज्यसत्तेवर फार विसंबू नका, हे मात्र दोघेही आपापल्या वाटेनं म्हणाले.

आता युरोपाकडे वळतो. पीएच.डी. करताना 'प्रॅक्सिस' या युगोस्लाव्ह नियतकालिकाचे काही अंक माझ्या हाती आले, तेव्हा मला कोर्चुलाची उन्हाळी शाळा कळली. एड्रियाटिक समुद्रातलं बेट. १९६३ ते १९७४ तिथे झाग्रेब-बेलग्रेडचे तत्त्वज्ञ, गायो पेट्रोविच वगैरे मंडळी, शाळा भरवत. ब्लॉख, मार्क्यूज, हाबरमास तिथे येऊन गेले. ही माणसं समाजवादी देशात राहून समाजवादाला प्रश्न विचारत होती. ऑगस्ट १९६८ मध्ये शाळा चालू असतानाच प्रागमध्ये रणगाडे घुसले आणि जमलेल्यांनी तिथूनच निषेधाचं निवेदन काढलं. त्यात हंगेरीतून आलेल्या अ‍ॅग्नेस हेलर यांच्यासारख्यांची सही होती, म्हणजे ज्यांना घरी परतून त्याची किंमत द्यायची होती. १९७५ मध्ये बेलग्रेडच्या आठ प्राध्यापकांना शिकवण्यापासून दूर केलं गेलं. डुब्रोव्हनिकचं आंतरविद्यापीठ केंद्र १९७२ चं. १९९१ च्या डिसेंबरात तोफांच्या माऱ्यात त्याची इमारत ग्रंथालयासकट जळाली. पुन्हा उभी राहिली. माझी विद्यार्थिनी म्हणते त्या शाळा या राखेवर उभ्या आहेत.

मग आपल्या पोरांनी तिकडे जायचं का? जरूर जावं, पैसे मिळाले तर. पण मी तिला उलटा प्रश्न विचारला. बाई, तू ज्याला समाजवादोत्तर समाज म्हणतेस तो इथे नाही का? १९७१ मध्ये कायदा झाला, १९७२ पासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी. शेतकऱ्यानं कापूस सरकारलाच विकायचा. भाव सरकारचा, प्रत ठरवणारा ग्रेडर सरकारचा, चुकारे हप्त्यानं. संकलन केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग लागायची; आमच्या वडिलांबरोबर मी गाडीखाली दोन रात्री झोपलोय. बाहेर भाव चढला की कापूस रात्री शेजारच्या राज्यात जायचा, आणि भाव पडला की सगळा केंद्रावर यायचा. ही योजना शेतकऱ्याला व्यापाऱ्यापासून वाचवायला आली होती, आणि काही वर्षं तिनं वाचवलंही, हे विसरू नका. २००२ च्या सुमारास एकाधिकार सुटला. त्यानंतर वर्धा-यवतमाळच्या गावांत काय झालं, याच्या आत्महत्यांच्या बातम्या झाल्या. पण रांगेत उभा राहणारा शेतकरी, ग्रेडर, जिनिंगमधला हमाल, यांच्या डोक्यात सरकार, बाजार आणि न्याय या शब्दांचे अर्थ कसे बदलले? पोलंड-हंगेरीत तरुण संशोधक नेमकं हेच विचारत गावोगाव फिरले आहेत.

ती गप्प बसली, मग म्हणाली, "सर, यावर मार्गदर्शक मिळणार नाही."

खरं आहे. मी अलीकडे एका सात दिवसांच्या कार्यशाळेला गेलो होतो. पहिल्या दिवशी उद्घाटन, सातव्या दिवशी समारोप, मधल्या दिवसांत प्रमाणपत्रावर नाव बरोबर छापलंय का याची चौकशी. एकाही वक्त्यानं "इथे माझं चुकलं होतं" असं म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही, हे कबूल करतो. पस्तीस वर्षं वर्गात मी एकाधिकार खरेदीला बिनशर्त पुरोगामी म्हणत आलो, गाडीखाली झोपलेल्या त्या दोन रात्री विसरून.

तेव्हा ठरवलंय असं: दिवाळीनंतर, कापूस वेचणी चालू असताना, दहा दिवस. दहा-बारा मुलं. सकाळी वाचन, दुपारी गावात. पहिल्या दिवशी माझी जुनी टिपणं त्यांच्यापुढे ठेवणार, फाडायला. एका निवृत्त ग्रेडरशी बोलणं झालंय. ते यायला तयार आहेत, फक्त म्हणाले, दुपारी जेवण झाल्यावर बोलावू नका, झोप येते.