दिवा लुकलुकला आणि पक्षी वाचले

थ्रेड 🧵

१/ विस्कॉन्सिनमधील ओ क्लेअर, १९५७. सुमारे हजार फूट उंच दूरचित्रवाणी मनोऱ्याच्या पायथ्याशी डॉ. चार्ल्स केम्पर मृत पक्षी वेचून नोंदवू लागले. १९९५पर्यंतची मोजदाद: १२३ जाती, १,२१,५६० पक्षी.

२/ असे का घडत होते? अनेक छोटे पक्षी रात्री स्थलांतर करतात. ढग खाली उतरले की तारे झाकले जातात. मग अखंड जळणाऱ्या लाल दिव्यांभोवती थवे घिरट्या घालतात आणि मनोऱ्याला ताणून धरणाऱ्या तारांवर आदळतात.

३/ उपाय साधा निघाला. मिशिगनमधील मनोऱ्यांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. जेथे केवळ लुकलुकणारे दिवे होते, तेथे मृत्यू ५० ते ७१ टक्क्यांनी कमी आढळले.

४/ वैमानिकांना मनोरा दिसेल का, ही शंका रास्त होती. अमेरिकी विमान प्रशासनाने चाचण्या घेतल्या. लुकलुकणारे दिवे पुरेसे ठरले. २०१५च्या डिसेंबरात नियम बदलले.

५/ पहिल्या नोंदीपासून नियमापर्यंत ५८ वर्षे लोटली. जुन्या मनोऱ्यांचे दिवे बदलणे मात्र बहुतांशी मालकांच्या इच्छेवरच राहिले. मृतांची मोजदाद झाली, म्हणूनच हा प्रश्न इतिहासात उरला.