तांब्याच्या पैशावरची इमारत

बाजारात सुट्टे नसले की दुकानदार काय करतो? दोन रुपयांऐवजी हातावर गोळी ठेवतो. सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वी इंग्लंडातही सुट्ट्या पैशांचा असाच तुटवडा होता. सरकारी टांकसाळ तांब्याची नाणी पुरेशी पाडत नव्हती, आणि मजुरांची मजुरी तर द्यावीच लागे.

मग १७८७ मध्ये अँगलसी बेटावरच्या तांब्याच्या खाण कंपनीने स्वतःचेच पैसे पाडले. त्यांना म्हणतात टोकन. ते कुठे आणून दिले की खरे पैसे मिळतील, हे त्याच्या कडेवर कोरलेले असे. पाठोपाठ गावोगावच्या व्यापाऱ्यांनी टोकने काढली. ज्यांच्यामागे देणारा खरा होता, ती चालली. काही मात्र हलकी, नाव-पत्ता नसलेली निघाली, आणि ज्याच्या हाती उरली त्याचे नुकसान झाले. बचत गट चालवणाऱ्या बाईला हे वेगळे सांगायला नको. पैसा चालतो तो देणाऱ्याच्या शब्दावर.

या टोकनांवर इमारतीही असत. चर्च, वेशी, तुरुंगसुद्धा! सरकारला न रुचणारे छापल्या-बोलल्याबद्दल लंडनच्या न्यूगेट तुरुंगात पडलेल्या चौघांच्या नावाने १७९४ मध्ये एक टोकन निघाले. त्यावर त्याच तुरुंगाचे चित्र, आणि पैसे मिळण्याचे ठिकाण म्हणून ‘यांचे निवासस्थान’! तो तुरुंग विसाव्या शतकाच्या आरंभी पाडला गेला. तांब्यावरचे चित्र मात्र राहिले.

ही टोकने जमवणाऱ्यांत एक बाई होती, सारा सोफिया बँक्स. ती नुसती जमवत नसे. कोणती वस्तू कुणी दिली, याच्या याद्या ठेवत असे. १८१८ मध्ये ती वारली. तिचा संग्रह ब्रिटिश म्युझियम आणि तिथल्या सरकारी टांकसाळीकडे गेला. आज अभ्यासकांना त्या याद्यांचाही उपयोग होतो.

याचा आपल्याशी काय संबंध? अशी टोकने पाडणाऱ्या बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनच्या कारखान्यातच १७९१ मध्ये मुंबई इलाख्यासाठी कंपनीचे तांब्याचे पैसे पाडले गेले. त्यांवर तराजू आहे. १८१२ मध्ये मालवण कंपनीच्या ताब्यात गेले. त्याआधीपासून आपल्या मुलखात शिवराई चालत होती. तिच्या एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’.

असा एखादा पैसा तुमच्या देव्हाऱ्यात किंवा आजीच्या पेटीत असू शकतो. तो चिंचेने, कोकमाने घासू नका. घासले की अक्षरे झिजतात. भंगारात वजनावर देऊ नका. कागदाच्या पुडीत ठेवा, आणि पुडीवर लिहा: कुणाचा, कुठून आला, घरात कधीपासून आहे. जमिनीत पुरलेली नाणी सापडली, तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

गटाच्या पुढच्या बैठकीत एक वही काढा. ज्या घरी जुना पैसा असेल, तिथल्या म्हातारीला त्याची हकिगत विचारा आणि लिहून घ्या. पैसा आणखी शंभर वर्षे टिकेल. म्हातारीची आठवण तेवढी टिकणार नाही, म्हणून वही आधी.