प्लेगची साथ, १८९७चा कायदा आणि आपण

कोविडच्या पहिल्या लाटेत मला रुग्णांचे जे फोन येत, त्यांतला एक प्रश्न पुन्हा पुन्हा असायचा : "डॉक्टर, तपासणी केली आणि पॉझिटिव्ह निघालो, तर घरातल्या सगळ्यांना उचलून नेतील का?" तापापेक्षा या भीतीनेच माणसे जास्त घाबरलेली असत. काहींनी तर ताप अंगावर काढला. ही भीती नवी नाही. तिचा इतिहास आपल्या पुण्या-मुंबईतच आहे.

साथ आली, कायदा आला

सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. सडकून ताप आणि काखेत किंवा जांघेत गाठ ही या आजाराची मुख्य लक्षणे. माणसे भराभर दगावू लागली, लाखो लोक मुंबई सोडून पळाले आणि साथ पुण्यात पोहोचली.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोग कायदा केला. तो जेमतेम चार कलमांचा होता. सरकारला हवे ते नियम करण्याचा अधिकार, ते मोडणाऱ्याला शिक्षा आणि सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला नाही, एवढाच त्याचा गाभा. लोकांना काय हक्क आहेत, याविषयी त्यात एक शब्द नव्हता.

पुण्यात काय घडले

पुण्यातील प्लेग समितीचे प्रमुख होते वॉल्टर चार्ल्स रँड. मार्चपासून गोऱ्या शिपायांनी घराघरांत शिरून झडती सुरू केली. रुग्णाला इस्पितळात आणि घरच्यांना विलगीकरण छावणीत नेत. सामानसुमान जाळले जाई. शिपाई देवघरात, स्वयंपाकघरात शिरतात, बायकांचा अपमान होतो, अशा तक्रारी झाल्या. त्यांची दाद लागली नाही.

परिणाम काय झाला? लोक रुग्ण लपवू लागले. ज्यांना शोधायचे, तेच दिसेनासे झाले. २२ जून १८९७च्या रात्री चापेकर बंधूंनी गणेशखिंडीत रँडवर गोळ्या झाडल्या. पुढच्या वर्षी मार्चमध्ये मुंबईतही प्लेगच्या तपासणीवरून दंगल उसळली.

विज्ञान तेव्हा कुठे होते?

प्लेगचा जंतू १८९४मध्ये सापडला होता, पण तो पसरतो कसा हे कळले नव्हते. उंदरांवरच्या पिसवांमुळे तो माणसात येतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८मध्ये कराचीत दाखवले. ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली.

आज मागे वळून पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. गाठीचा प्लेग सहसा एका माणसाकडून थेट दुसऱ्याला होत नाही (फुप्फुसाचा प्लेग मात्र खोकल्यातून पसरतो). म्हणजे घरच्यांना रुग्णापासून तोडून फारसा उपयोग नव्हता. उंदीर मेलेले घर सोडून माळावर झोपड्यांत राहायला जाणे मात्र उपयोगाचे होते. लोकांना सर्वांत जास्त दुखावणारे उपायच नेमके उपयोगाचे नव्हते.

यासाठी अधिकाऱ्यांना अज्ञानी म्हणून सोडून देता येईल. साथीत अपुऱ्या माहितीवर निर्णय घ्यावेच लागतात. पण माहिती अपुरी असते तेव्हाच बळजबरी बेताची हवी आणि लोकांचे ऐकायची तयारी जास्त हवी. चूक तिथे झाली.

दुसरा मार्गही होता

त्याच काळात लोकमान्य टिळकांनी पुण्यात हिंदू प्लेग इस्पितळ उभे करायला पुढाकार घेतला. आपल्या माणसांच्या देखरेखीखाली असलेल्या इस्पितळात जायला लोक कमी बिचकतील, हा त्यामागचा विचार. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी पुण्याबाहेर रुग्णांची सेवा केली. त्यातच प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई गेल्या. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली लस १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे सरकारनेही सक्तीचा जोर कमी केला.

आपल्यासाठी धडा

हाच कायदा मार्च २०२०मध्ये पुन्हा लागू झाला. पुढची साथ येईल तेव्हाही काही बंधने लागतीलच, आणि डॉक्टर म्हणून मी ती पाळा असेच सांगेन. पण प्रत्येक बंधनाबद्दल चार प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे : त्याने साथ खरेच आटोक्यात येते का? याहून कमी त्रासाचा उपाय आहे का? कारण आम्हाला समजेल असे सांगितले का? अन्याय झाला तर दाद कुठे मागायची?

या प्रश्नांना नीट उत्तरे मिळाली, तर माणूस आजार लपवत नाही. आणि लपवलेला आजार ना डॉक्टरला बरा करता येतो, ना सरकारला रोखता येतो.